शीतजल प्रवाळ आणि सागरतळाचे मानचित्रण : नॉर्वेच्या अनुभवाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

जमिनीचा नकाशा काढणारा मनुष्य त्या जमिनीवर उभा राहू शकतो. डोंगर त्याला दिसतो, नदीचे पात्र त्याला मोजता येते आणि काढलेली रेघ चुकली असेल तर ती दुरुस्त करता येते. सागरतळाच्या बाबतीत ही सोय नाही. पाण्यात प्रकाश फार खोलवर जात नाही. त्यामुळे तळाचे ज्ञान मनुष्याला प्रत्यक्ष न पाहता, दोरी, वजन, जाळे किंवा ध्वनी यांच्या साहाय्याने मिळवावे लागले. परिणामी सागरतळाच्या नकाशाचा इतिहास हा केवळ उपकरणांचा इतिहास नाही. तळाविषयी कोणाला काय जाणून घ्यायचे होते, कशासाठी जाणून घ्यायचे होते आणि त्या ज्ञानाचा उपयोग कोणी केला, याचाही तो इतिहास आहे.

येथे एक भेद प्रारंभीच स्पष्ट केला पाहिजे. खोलीचा नकाशा तळाचा उंचसखलपणा दाखवितो. अधिवासाचा नकाशा त्यापुढे जातो. तळ खडकाळ आहे की चिखलाचा, तेथील पाण्याचे तापमान आणि प्रवाह कसे आहेत, आणि अशा परिस्थितीत कोणते जीवसमूह वस्ती करून राहतात, हे तो सांगतो. जहाजाला सुरक्षित वाट हवी असेल तर पहिला नकाशा पुरेसा ठरतो. परंतु कोणत्या भागात मासेमारी करू द्यावी, कोठे तेलवाहिनी टाकावी आणि कोणता भाग अस्पर्शित ठेवावा, हे ठरवायचे असल्यास दुसऱ्या नकाशावाचून गत्यंतर नाही. प्रस्तुत लेखात नॉर्वेच्या किनाऱ्यालगतच्या शीतजल प्रवाळांचे उदाहरण घेऊन या दुसऱ्या प्रकारच्या नकाशाची जडणघडण तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

शिशाच्या वजनापासून जीवसमूहांपर्यंत

सागरतळाची माहिती मिळविण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे दोरीला बांधलेले शिशाचे वजन होय. खोली वावांत मोजली जाई. वजनाच्या बुडाला एक खळगा ठेवून त्यात चरबी भरलेली असे. तळाची वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचे तुकडे त्या चरबीला चिकटून वर येत. धुक्यात किनारा दिसेनासा झाला की अनुभवी नाखवा हा नमुना पाहून जहाज कोठे आहे याचा अंदाज बांधीत असे. जुन्या सागरी नकाशांवर खोलीच्या आकड्यांशेजारी तळाच्या प्रकाराची आद्याक्षरे छापलेली आढळतात, ती या प्रथेमुळेच. त्यामुळे अधिवासाच्या नकाशाचे बीज नाविकांच्या या नोंदींत शोधता येते.

तळावरील जीवसृष्टीचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने १८४१-४२ मध्ये ‘बीकन’ या जहाजावरून एजियन समुद्रात तळखरवडणीच्या जाळ्याने नमुने गोळा केले आणि खोलीनुसार जीवसृष्टीचे आठ पट्टे पाडले. खोली वाढते तसे जीव कमी होतात, या निरीक्षणावरून ३०० वावांच्या, म्हणजे सुमारे ५५० मीटरच्या, खाली जीवसृष्टी नसावी असे अनुमान त्याने काढले. एजियन समुद्र मुळातच जीवसंख्येने विरळ आहे, हे त्याच्या लक्षात आले नाही. एका ठिकाणच्या नमुन्यांवरून सर्व समुद्रांविषयी निष्कर्ष काढण्यातील धोका या प्रसंगातून दिसून येतो.

या अनुमानाला छेद देणारा पुरावा दोन दिशांनी आला. १८६० मध्ये भूमध्य समुद्राच्या तळावरून दुरुस्तीसाठी वर काढलेल्या तारायंत्राच्या तारेला हजार वावांहून अधिक खोलीवरील प्राणी चिकटलेले आढळले. दुसरा पुरावा नॉर्वेचा होता. गेओर्ग ओसियान सार्स याने १८६४ मध्ये लोफोटेन बेटांजवळ ३०० वावांच्या आसपास खोलीवरून देठ असलेला एक सागरकमळवर्गीय प्राणी मिळविला आणि त्याचे वडील मिकाएल सार्स यांनी १८६८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. केवळ जीवाश्मरूपाने माहीत असलेल्या गटाशी जवळचे नाते असलेला हा प्राणी जिवंत सापडल्याने विद्वानांचे लक्ष खोल समुद्राकडे वेधले गेले. चार्ल्स वायव्हिल टॉमसन यांच्या नेतृत्वाखालील ‘चॅलेंजर’ मोहिमेला (१८७२ ते १८७६) जी प्रेरणा मिळाली, तीत या शोधाचा वाटा होता. मोहिमेच्या अहवालाचे ५० खंड १८९५ पर्यंत पूर्ण झाले. त्यातील १८९१ च्या खंडात जॉन मरे आणि आल्फोन्स रेनार यांनी जगातील सागरतळावरील गाळाच्या प्रकारांचा नकाशा दिला.

मात्र ‘जीवसमूह’ ही कल्पना नकाशावर आणण्याचे श्रेय प्रामुख्याने मत्स्यव्यवसायाशी निगडित अभ्यासकांकडे जाते. कार्ल म्योबियस याने १८७७ मध्ये उत्तर समुद्रातील कालवांच्या थरांचा अभ्यास करताना एकत्र राहणाऱ्या, परस्परांवर अवलंबून असणाऱ्या जीवांच्या समूहासाठी ‘बायोसिनोसिस’ ही संज्ञा प्रथम वापरली. ग्रिम्सबी येथील ओ. टी. ऑल्सन याच्या १८८३ च्या मत्स्यव्यवसायविषयक नकाशासंग्रहात उत्तर समुद्रातील कालवांचे विस्तीर्ण क्षेत्र दाखविलेले आहे. ते क्षेत्र पुढे नाहीसे झाले. एकविसाव्या शतकात कालवांचे पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्या संशोधकांना येथे पूर्वी काय होते याचा पुरावा म्हणून याच नकाशाचा आधार घ्यावा लागला. डेन्मार्कच्या सी. जी. योहानेस पेटरसन याने त्यापुढील पाऊल टाकले. ठरावीक क्षेत्रफळाचा तळ उचलून आणणारे पकडयंत्र त्याने वापरले, प्राणी मोजले, त्यांचे वजन केले आणि १९११ ते १९१८ या काळातील अहवालांत डॅनिश समुद्रतळाची विभागणी प्रमुख प्राण्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समूहांत केली. माशांना किती खाद्य उपलब्ध आहे, हा त्याचा मूळ प्रश्न होता. संरक्षणाचा विचार त्यात नव्हता. परंतु तळाची गणना करण्याची पद्धत त्याच्यामुळे रूढ झाली.

नॉर्वेचे प्रवाळ : कोळ्यांचे ज्ञान

प्रवाळ म्हटले की उष्ण कटिबंधातील उथळ, स्वच्छ आणि सूर्यप्रकाशित पाणी डोळ्यांपुढे येते. उत्तर अटलांटिकमधील शीतजल प्रवाळ याहून वेगळे आहेत. त्यांच्या शरीरात प्रकाशावर जगणारी शैवले नसतात. प्रवाहाबरोबर वाहत येणारे सूक्ष्म अन्नकण आणि प्राणी हेच त्यांचे अन्न होय. त्यामुळे शेकडो मीटर खोल अंधारातही त्यांचे खडक उभे राहतात. यांतील मुख्य प्रजातीचे नामकरण लिनियसने १७५८ मध्ये केले. ‘लोफेलिया पर्टुसा’ या नावाने ती दीर्घकाळ ओळखली गेली. अलीकडे तिचा समावेश ‘डेस्मोफायलम’ या प्रजातिगणात केला जातो. ट्रॉन्डहाइमचे बिशप आणि निसर्गशास्त्रज्ञ योहान एर्न्स्ट गुन्नेरुस यांनी १७६८ मध्ये नॉर्वेच्या प्रवाळांवर लेख प्रसिद्ध केला. अभ्यासकांच्या हाती आलेले असे नमुने बहुधा कोळ्यांच्या गळांना व जाळ्यांना अडकून वर आलेले असत.

कोळ्यांचे हे ज्ञान व्यवहारातून आलेले होते. प्रवाळांच्या आसपास मासे अधिक मिळतात, म्हणून गळांच्या लांब दोऱ्या आणि उभी जाळी तेथे टाकली जात. आपल्या बेटांच्या व डोंगरांच्या खुणा जुळवून कोळी त्या जागा नेमक्या ओळखीत. कार्ल डोन्स याने १९४४ मध्ये नॉर्वेतील प्रवाळखडकांची जी सूची प्रसिद्ध केली, तिचा आधार बऱ्याच अंशी कोळ्यांकडून मिळालेली माहिती हाच होता. नॉर्वेच्या प्रवाळांचा पहिला व्यापक नकाशा अशा प्रकारे कोळीसमाजाच्या स्मृतीतून तयार झाला, असे म्हणता येईल. या नकाशाला मर्यादा होत्या. प्रवाळ कोठे आहेत हे त्यातून कळे. पण त्यांचा विस्तार किती आणि त्यांची स्थिती कशी, हे कळत नसे.

ध्वनीने दिलेले डोळे

दरम्यान खोली मोजण्याची रीत पूर्णपणे बदलली होती. ध्वनी पाठवून त्याचा प्रतिध्वनी परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून खोली काढण्याचे तंत्र पहिल्या महायुद्धाच्या सुमारास विकसित झाले. ‘मेटेऑर’ या जर्मन जहाजाने १९२५ ते १९२७ या काळात दक्षिण अटलांटिकमध्ये ६७ हजारांहून अधिक ठिकाणी ध्वनिमापन केले. ‘चॅलेंजर’ला साडेतीन वर्षांत पाचशेच्या आसपासच खोल मापने घेता आली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या बदलाचे प्रमाण लक्षात येते. मेरी थार्प आणि ब्रूस हीझन यांनी अशाच मापनरेषा जुळवून १९५७ मध्ये उत्तर अटलांटिकच्या तळाचे आणि १९७७ मध्ये सर्व महासागरांच्या तळाचे चित्र जगापुढे ठेवले. तरीही दोन मापनरेषांमधील जागा मोकळीच राही आणि ती अनुमानाने भरावी लागे.

ही उणीव बहुकिरणी ध्वनिमापकाने दूर केली. त्यात जहाजाखालून पंख्यासारखे पसरणारे अनेक ध्वनिकिरण सोडले जातात. त्यामुळे जहाज पुढे जाते तसा तळाचा रुंद पट्टा मोजला जातो. अमेरिकी नौदलाने हे तंत्र १९६० च्या दशकात गुप्ततेच्या आवरणाखाली वापरले. १९७७ मध्ये ‘झां शार्को’ या फ्रेंच जहाजावर ते नागरी संशोधनासाठी उपलब्ध झाले. या उपकरणाची दुसरी देणगी म्हणजे परतणाऱ्या ध्वनीची तीव्रता. कठीण खडक ध्वनी जोराने परतवितो, मऊ चिखल तो शोषून घेतो. खोली आणि तीव्रता या दोन्ही माहितींची सांगड घातल्यास तळाचे स्वरूप ओळखू येऊ लागते. तथापि ध्वनी प्राण्याचे नाव सांगत नाही. त्यासाठी निवडक ठिकाणी कॅमेरा उतरवावा लागतो आणि गाळाचे नमुने घ्यावे लागतात. अशा नमुन्यांवरून कोणत्या परिस्थितीत कोणता समूह आढळतो याचे नियम बसवून, न पाहिलेल्या जागेविषयी अनुमान केले जाते. म्हणून अधिवासाचा प्रत्येक नकाशा अंशतः निरीक्षण आणि अंशतः भाकीत असतो, ही गोष्ट त्याचा उपयोग करणाऱ्याने विसरता कामा नये.

तक्रार, पाहणी आणि कायदा

सागरी कायदाविषयक संयुक्त राष्ट्रसंघाचा करार १९८२ मध्ये झाला आणि १९९४ मध्ये अमलात आला. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या साधनसंपत्तीवरील हक्काबरोबरच सागरी पर्यावरणाच्या रक्षणाची जबाबदारीही त्याने राष्ट्रांवर टाकली. आपल्या ताब्यातील तळावर काय आहे, हा प्रश्न आता शासनाचा प्रश्न बनला. नॉर्वेत त्याला आणखी निकड होती. उत्तर समुद्रातील तेलव्यवसाय उत्तरेकडे सरकत होता आणि तेलवाहिन्यांच्या मार्गाची पाहणी करताना अभियंत्यांना प्रवाळांचे उंचवटे आढळू लागले होते.

परंतु प्रवाळांच्या संरक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला तो मासेमारीतील संघर्षामुळे. पूर्वी ट्रॉल जाळी प्रवाळांपासून दूर ठेवली जात, कारण त्यांत जाळी फाटत. मोठ्या रबरी चाकांची जड जाळी वापरात आली, तेव्हा ही नैसर्गिक अडचण उरली नाही. १९९० च्या दशकात गळ व उभी जाळी वापरणाऱ्या कोळ्यांनी तक्रार केली की, त्यांच्या पिढीजात जागा ट्रॉलरांनी उद्ध्वस्त केल्या आहेत आणि तेथे आता मासे मिळत नाहीत. नॉर्वेच्या सागरी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात या तक्रारींची तपासणी हाती घेतली. दूरनियंत्रित कॅमेऱ्यांनी दाखविलेल्या चित्रांत मोडलेल्या प्रवाळांचा चुरा, उलटलेले खडक आणि तळावर ओढल्याच्या खुणा स्पष्ट होत्या. यान हेल्गे फोसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात, नॉर्वेच्या प्रवाळक्षेत्रांपैकी ३० ते ५० टक्के क्षेत्राला हानी पोहोचली असावी किंवा त्यावर परिणाम झाला असावा, असा अंदाज वर्तविला. हे प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर ते फार तर दोन-अडीच सेंटिमीटर वाढतात आणि येथील मोठे खडक हिमयुग संपल्यानंतरच्या हजारो वर्षांत उभे राहिलेले आहेत. जाळ्याच्या एका फेरीत मोडलेले खडक पुन्हा उभे राहण्यास मनुष्याच्या कित्येक पिढ्या पुरणार नाहीत, हा या आकड्यांचा अर्थ होता.

शासनाची कृती तुलनेने त्वरित झाली. शोधनिबंध प्रसिद्ध होण्यापूर्वीच, मार्च १९९९ मध्ये, सुला येथील प्रवाळक्षेत्रात तळावरील ट्रॉल मासेमारीला बंदी करण्यात आली आणि ज्ञात प्रवाळांची हेतुपुरस्सर हानी करणे सर्वत्र निषिद्ध ठरले. मे २००२ मध्ये लोफोटेनच्या नैऋत्येस, ३०० ते ४०० मीटर खोलीवर, सुमारे ३५ किलोमीटर लांबीचा रोस्ट प्रवाळखडक सापडला. हा त्या काळी ज्ञात असलेला सर्वांत मोठा शीतजल प्रवाळखडक होता. जानेवारी २००३ मध्ये त्यालाही संरक्षण मिळाले. ब्रिटनच्या वायव्येस सुमारे १००० मीटर खोलीवर १९९८ मध्ये सापडलेल्या ‘डार्विन माउंड्स’ या प्रवाळांच्या उंचवट्यांनाही २००३ मध्येच युरोपीय संघाने तातडीचे संरक्षण दिले.

‘मारेआनो’ आणि नकाशाची दुहेरी धार

एकेका खडकाचा शोध लागल्यावर त्यास संरक्षण देण्याच्या पद्धतीतील दोष उघड होता. जे सापडलेले नाही त्याचे रक्षण करता येत नाही. म्हणून २००५ मध्ये ‘मारेआनो’ हा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. सागरी संशोधन संस्था, भूगर्भ सर्वेक्षण संस्था आणि राष्ट्रीय नकाशा प्राधिकरण या तीन संस्थांनी तो संयुक्तपणे चालविला. प्रथम बहुकिरणी मापन, त्यानंतर चित्रफितींच्या रेषा आणि तळाचे नमुने, आणि शेवटी गाळाचे, जीवसमूहांचे व प्रदूषणाचे नकाशे, असा त्याचा क्रम राहिला. हिमयुगातील हिमनगांनी तळ नांगरून काढलेल्या चरांच्या कडेचे कठीण उंचवटे प्रवाळांना वस्तीयोग्य ठरतात, अशा प्रकारचे भूशास्त्र आणि जीवशास्त्र यांना जोडणारे ज्ञान त्यामुळे नियोजनात वापरता येऊ लागले. बॅरेंट्स समुद्र आणि लोफोटेन परिसराचा एकात्मिक व्यवस्थापन आराखडा २००६ मध्ये मंजूर झाला आणि २०११ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा या कार्यक्रमाने गोळा केलेली माहिती त्यात उपयोगी पडली.

तथापि नकाशा म्हणजे संरक्षण नव्हे. प्रवाळ कोठे आहेत हे दाखविणारा नकाशा ट्रॉलरला दूर राहण्यास मदत करतो, तसाच प्रवाळांच्या काठावरचे मासे नेमके टिपू पाहणाऱ्यालाही तो वाट दाखवितो. खनिजांचा शोध घेणाऱ्यालाही तळाचे तेच चित्र हवे असते. जानेवारी २०२४ मध्ये नॉर्वेच्या संसदेने आपल्या खोल समुद्रातील विस्तीर्ण क्षेत्र खनिजशोधासाठी खुले करण्यास मान्यता दिली. त्या क्षेत्रातील जीवसृष्टीचे ज्ञान अपुरे आहे, या मुद्द्यावर शास्त्रज्ञांनी आणि पर्यावरणवाद्यांनी तीव्र आक्षेप घेतले. डिसेंबर २०२४ मध्ये राजकीय तडजोडीतून परवान्यांची पहिली फेरी थांबविण्यात आली. ज्या देशाने अधिवासांचे मानचित्रण इतक्या निष्ठेने केले, तेथेही ज्ञान आणि निर्णय यांच्यातील अंतर मिटलेले नाही, हे यावरून दिसते.

कोकण किनाऱ्याचा संदर्भ

या इतिहासाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध दूरचा नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘आंग्रिया बँक’ हे बुडालेले पठार आहे. त्याचा माथा पाण्याखाली वीस-पंचवीस मीटरवर असून त्यावर उष्ण कटिबंधीय प्रवाळ आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये भारतीय संशोधकांनी तेथे पाहणी मोहीम केली. परंतु हे पठार १२ सागरी मैलांच्या प्रादेशिक समुद्राबाहेर आहे. १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम प्रादेशिक समुद्रापुरता मर्यादित आहे, आणि मालवणला १९८७ मध्ये घोषित झालेले सागरी अभयारण्य किनाऱ्यालगतच्या लहान क्षेत्राचे आहे. म्हणजे येथे नकाशाइतकाच कायदेशीर अधिकारक्षेत्राचाही प्रश्न आहे. नॉर्वेचे पाणी, त्याची साधनसंपत्ती आणि त्याची आर्थिक क्षमता वेगळी आहे. म्हणून त्याचे अनुकरण जसेच्या तसे होणार नाही. मात्र तेथील पहिला पुरावा कोळ्यांच्या तक्रारीतून आला, ही बाब कोकणातही विचारात घेण्याजोगी आहे. कोठे खडप आहे आणि कोठे चिखल, हे येथील पारंपरिक मच्छीमारही पिढ्यान्‌पिढ्या जाणत आले आहेत.

समारोप

सागरतळाच्या मानचित्रणाची प्रगती सरळ रेषेत झालेली नाही. नाविकाला वाट हवी होती, तारायंत्र कंपनीला तार टाकण्यास सपाट जागा हवी होती, नौदलाला पाणबुड्यांसाठी गुप्त माहिती हवी होती आणि मत्स्यशास्त्रज्ञाला माशांच्या खाद्याचा हिशेब हवा होता. संरक्षण हा हेतू सर्वांत शेवटी आला, आणि तोही हानी झाल्यानंतर. २०१७ मध्ये जगाच्या सागरतळापैकी केवळ ६ टक्के भागाचे आधुनिक मापन झालेले होते. जून २०२५ पर्यंत हे प्रमाण २७ टक्क्यांच्या पुढे गेले. हा वेग आशादायक असला तरी ही टक्केवारी खोलीच्या नकाशाची आहे. त्या तळावर काय जगते, हे सांगणारा नकाशा याहून पुष्कळ मागे आहे.

उत्तर समुद्रातील कालवांचे क्षेत्र नाहीसे झाल्यावर त्याचा १८८३ चा नकाशा तेवढा मागे राहिला. रोस्टचा प्रवाळखडक मात्र सापडल्यानंतर आठ महिन्यांत संरक्षित झाला. दोन्ही ठिकाणी नकाशा होता. फरक पडला तो नकाशा हाती आल्यावर निर्णय घेण्यास लागलेल्या कालावधीमुळे. यापुढे काढल्या जाणाऱ्या सागरतळाच्या प्रत्येक नकाशाचे मोल याच कसोटीवर ठरेल.